पंचविसावी कोंबडी

वॉर्सा, ९ ऑक्टोबर १९६२

प्रिय तेओफिलकाका,

उभे असाल तर बसा, आणि खळीची बादली आधी खाली ठेवा. मला पोस्टर काढायला मिळालं! खरंखुरं, सिनेमाचं, देशभर चिकटणारं. म्हणजे तुमच्या 'यास्कुल्का' थिएटरच्या भिंतीवर तुम्हीच ते चिकटवणार. लहानपणी तुमच्या बादलीत कुंचला बुडवून मी कुत्र्याचं घर चिकटवलं होतं, तेव्हा काय म्हणाला होतात आठवतंय? "ही पोर एक दिवस सगळा देश चिकट करून ठेवेल." घ्या, झालं तुमच्या मनासारखं.

सिनेमा कसा आहे ते मात्र विचारू नका. मी पाहिलेला नाही. इथे कुणीच पाहत नाही. रिळं कुठल्यातरी गोदामात अडकलेली असतात आणि छापखान्याची तारीख डोक्यावर असते. हातात फक्त एक कागद मिळतो. माझ्या कागदावर होतं: "उद्या नक्की येतो. इटालियन, विनोदी. खलाशाची बायको अकरा वर्षं नवऱ्याची वाट बघते. समाजाला हानिकारक नाही." बस्स. यावरून काय ते काढा.

मी चार दिवस बंदरं काढली, जहाजं काढली, रुमाल हलवणाऱ्या बाया काढल्या. सगळं केराच्या टोपलीत. पाचव्या दिवशी बटाटे सोलताना एकदम सुचलं. एक कोंबडी. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेली. ती उबवायला बसलीय, पण खाली अंडं नाही, गजराचं घड्याळ आहे. संपलं. बाकी सगळा पिवळा कागद.

पोस्टरं मंजूर करणाऱ्या मंडळासमोर चित्र ठेवलं. आमचे प्रमुख, बोझेंत्स्की साहेब, चष्मा काढायचे, घालायचे. शेवटी म्हणाले, "बाई, यात जहाज कुठंय?" म्हटलं, "ते अजून आलेलं नाही. म्हणून तर ती बसलीय." तेव्हा कुठे हसले आणि शिक्का मारला.

पण ऐका, गंमत इथवरच. मला तीन पोस्टरांची परीक्षा आहे. पहिलं लोकांना रुचलं तर दुसरं, मग तिसरं, आणि मग कलाकार संघात नाव. पहिलंच पडलं तर परत घरी. आईने माझ्यासाठी काकडीच्या लोणच्याच्या कारखान्यात शब्द टाकून ठेवलाय, तिथला लेबलं काढणारा म्हातारा फेब्रुवारीत निवृत्त होतोय. जन्मभर बरणीवर एक काकडी आणि एक शेपूची काडी काढायची! काका, मी वेडी होईन हो. कोंबडीला सांभाळा.

तुमची
हालश्का


ओल्शानी, ४ नोव्हेंबर १९६२

गुणी पोरी हालश्का,

कोंबड्या पोचल्या. पंचवीस. मी स्वतः सायकलला बादली अडकवून फिरलो आणि एकेक लावली. बाजारात, पंपाजवळ, दवाखान्याच्या कुंपणावर, नदीपलीकडच्या वाड्यांवर. एक थिएटरच्या दाराशी काचेच्या पेटीत कुलपात.

आता खरं सांगतो, रागावू नकोस. पहिल्या दिवशी गावात गोंधळ झाला. सिनेमातल्या त्या इटालियन नटीची कीर्ती इथवर आलेली. गावातले यच्चयावत पुरुष तिला बघायला टपलेले, आणि भिंतीवर बघतात तर कोंबडी! अल्फोन्स न्हावी दुकान सोडून माझ्याकडे आला. "तेओफिल, हे काय? मी नवा सदरा शिवून घेतलाय." म्हटलं, सदरा घालून ये, बाई आत आहे. मग रविवारचा खेळ लागला. मी मशीनच्या खोलीतल्या भोकातून बघतोय. सिनेमा संपला, दिवे लागले, तरी लोक उठेनात. आत जाऊन विचारलं, काय झालं? गेनोवेफाबाई म्हणतात, "कोंबडी राहिली की!" दीड तास ती बया कोंबडीची वाट बघत बसली होती. तिला समजावता समजावता माझ्या तोंडाला फेस आला.

बाकी सगळं उत्तम. कोंबड्या भिंतींना कशा घट्ट बसल्यात म्हणून सांगू! जाता येता लोक थांबतात, बघतात. तू निश्चिंत राहा. पुढच्या पोस्टरात मात्र निदान एखादी बाई घाल, अल्फोन्सचा सदरा वाया गेला.

तो रुमाल कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतो.

तुझा
तेओफिलकाका


वॉर्सा, २७ नोव्हेंबर १९६२

प्रिय काका,

हे पत्र रडत लिहितेय, तेव्हा अक्षर लावून घ्या.

काल बोझेंत्स्की साहेबांनी बोलावलं. मला वाटलं, दुसरं पोस्टर देतायत. मी केस धुऊन गेले होते! त्यांनी समोर एक तक्ता ठेवला. कुठल्यातरी थिएटरचा. ते म्हणे दर महिन्याला भिंतींचा हिशेब पाठवतात. नाव बोटाने झाकून त्यांनी ओळ वाचून दाखवली: "आलेली पोस्टरं पंचवीस. पैकी तेवीस तीन दिवसांत जनतेने उतरवून टाकली." उतरवून टाकली, काका! पाऊस नाही, वारा नाही, जनतेने. मंडळातल्या एका जाड्या गृहस्थांना तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "मी म्हणतच होतो, लोकांना कोंबडी म्हणजे आपली चेष्टा वाटणार." साहेब तसे बरे आहेत. म्हणाले, जानेवारीअखेरपर्यंत थांबू, दुसरीकडून काही चांगलं कळलं तर बघू. तोवर दुसरं पोस्टर थांबवलंय.

कोण तो गाढव असेल हो? बसल्या बसल्या तेवीस मोजणारा! त्याला दुसरं काम नाही का? माझ्या हाती लागला तर त्याच्याच खळीत बुडवून त्याला भिंतीला लावेन.

आता माझी सगळी आशा तुमच्यावर. तुमच्याकडे तर कोंबड्या घट्ट बसल्यात. तुम्ही तसं एका कागदावर लिहून, थिएटरचा शिक्का मारून पाठवाल का? लगेच. आईची तार आलीय, लेबलवाल्या म्हाताऱ्याने टेबल आवरायला घेतलंय.

हालश्का


ओल्शानी, ६ डिसेंबर १९६२

हालश्का,

तो गाढव मी.

दोन दिवस कागद पुढ्यात घेऊन बसलोय. दुसरं वाक्य सुचत नाही.

कोंबड्या घट्ट बसल्यात ते खोटं. तुला वाईट वाटू नये म्हणून लिहिलं. संध्याकाळी लावावी आणि सकाळी भिंत मोकळी. खळीत मी सुतारकामाचा सरस घातला. मग राय धान्याच्या पिठाऐवजी गव्हाचं घातलं. तरी तेच. आणि फाडलेलीही नाहीत गं, नीट कडेपासून सोललेली. मला वाटलं, लोकांना इतका राग आला की तुकडासुद्धा भिंतीवर नको. हे तुला कोणत्या तोंडाने लिहायचं?

आणि तक्त्यात खोटं लिहवेना. सरकारी माल आहे. सोळा वर्षं मी तो तक्ता भरतोय. एकदा 'तीन पोस्टरं शेळीने खाल्ली' असंही लिहिलंय, वरून कधी चकार शब्द आला नाही. मला वाटायचं, तिकडे त्या कागदाने सिगारेटी पेटवतात. कुणी वाचतं हेच मला माहीत नव्हतं! नेमका हाच वाचायचा होता का त्यांना?

शिक्का मारून खोटं लिहू का? तू म्हणशील तर लिहितो. खरंच लिहितो.

तेओफिल


वॉर्सा, १५ डिसेंबर १९६२

काका,

खोटं लिहू नका. तुमचा शिक्काही थरथरेल.

मी रागावलेय. खूप. मला पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत तर मी साहेबांपुढे केस धुऊन तरी गेले नसते. इथे सगळ्यांना सांगून बसले होते की आमच्या ओल्शानीत माझं पोस्टर गाजतंय. आता सांगा, तोंड कुठे लपवू?

आईला होकार कळवलाय. फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारपासून काकडी.

पाकिटात नाताळची कागदासारखी पातळ पोळी आहे. अर्धी मी मोडून खाल्लीय, अर्धी तुमची. पोळी वाटून खाल्ल्यावर मनात काही ठेवायचं नसतं, म्हणून मी ठेवत नाही. पण मला दोन आठवडे तरी लागतील. नाताळच्या रात्री काकूच्या रिकाम्या खुर्चीपुढे ताट मांडायला विसरू नका.

हालश्का


ओल्शानी, ९ जानेवारी १९६३

हालश्का, पोरी,

आता तू बस! बसलीस? बादली बिदली असेल तर ठेव खाली.

आज फादर हिलारी घरांना आशीर्वाद द्यायला आले होते. दरवर्षीप्रमाणे मी टेबलावर पांढरी चादर घातली, मेणबत्त्या लावल्या. प्रार्थना झाली, पाणी शिंपडून झालं, तरी म्हातारा हलेना. ओठ दाबून हसतोय. मला म्हणतो, "तेओफिल, यंदा गावात नवीन संत आलाय का?"

"कोण हो फादर?"

"आजवर सतरा घरांत गेलो. त्यांतल्या अकरा घरांत भिंतीवर एक कोंबडी आहे. रुमाल बांधलेली. गेनोवेफाबाईंनी तर तिला मरियामातेच्या तसबिरीशेजारी लावलीय. मी येणार म्हणून वर चादर टाकली होती, पण चादरीखालून घड्याळाचे पाय दिसत होते."

हालश्का, मी मटकन खाली बसलो!

लोकांनी कोंबड्या फाडल्या नाहीत गं, घरी नेल्यात! खळ ओली असताना, पहाटे दूध आणायला जाता जाता, कडेला चाकू घालून. आणि नेणाऱ्या कोण? बायका. फादरनी अल्फोन्सच्या बायकोला विचारलं, ही कशाला? ती म्हणाली, "फादर, ही मीच आहे. हे सदरा घालून जातात आणि मी बसते घड्याळावर." स्टेशनमास्तरच्या विधवा आईने पलंगाच्या उशाशी लावलीय. एकीने भिंतीची ओल झाकायला नेली होती, आता म्हणते, ओल गेली तरी काढणार नाही.

मी तसाच सायकल काढून गेनोवेफाबाईकडे गेलो. म्हटलं, बाई, एवढं लिहून द्या की कोंबडी तुम्हाला आवडली म्हणून नेली. बाई पांढरीफटक! "कोंबडी? कसली कोंबडी?" मागे भिंतीवर कोंबडी, आणि ही मला विचारतेय कसली! सरकारी माल नेलाय ना, दंडाची भीती. सगळीकडे तेच. अकराही घरांत कुणी काही पाहिलेलं नाही. आणि फादरचा कागद तुमच्या सरकारी मंडळात चालणार नाही, ते वेगळं सांगायला नको.

पण थांब. मला एक सुचलंय. काकडीला अजून हात लावू नकोस.

काका


ओल्शानी, २५ जानेवारी १९६३

हालश्का,

सोबत नक्कल जोडली आहे. मूळ कागद आजच्या टपालाने तुझ्या बोझेंत्स्की साहेबांना गेला. यातला एक शब्द खोटा नाही.

काका

(नक्कल)

'यास्कुल्का' थिएटर, ओल्शानी
विषय: ऑक्टोबरच्या तक्त्यातील दुरुस्ती

१. तक्त्यात 'जनतेने तेवीस पोस्टरं उतरवून टाकली' असं लिहिलं होतं. 'टाकली' हे चूक. नेली.

२. पोस्टरं परत मिळावीत म्हणून दि. ११ रोजी मी दारावर सूचना लावली: जो कोणी कोंबडी परत आणील, त्याला काही विचारलं जाणार नाही, उलट शेगडीजवळच्या दोन जागा एक महिना फुकट. एकही कोंबडी आली नाही.

३. दि. १५ रोजी थंडी उणे सव्वीस होती. थिएटरात शेगडी एकच आहे. तिच्याजवळच्या जागांसाठी ओल्शानीत भावाभावांत भांडणं झाली आहेत. मी मुदत वाढवून दोन जागा उन्हाळ्यापर्यंत फुकट केल्या. एकही कोंबडी आली नाही.

४. दि. २० रोजी दारात एक पुडकं सापडलं. आत जुन्या सिनेमांची आठ पोस्टरं होती, घोडेस्वार, नट्या वगैरे. सोबत चिठ्ठी: "ही घ्या आणि कोंबडीचा नाद सोडा." सही नव्हती.

५. तेव्हा आणखी तीस कोंबड्या पाठवाव्यात ही विनंती. टिकतील याची हमी देता येत नाही.

तेओफिल, व्यवस्थापक, मशीनचालक व भिंती


वॉर्सा, २ फेब्रुवारी १९६३

काका! काका! काका!

काल सकाळी माझी पेटी बांधून तयार होती. बोझेंत्स्की साहेबांचा निरोप आला. गेले, केस न धुता. साहेब तुमचा कागद मंडळापुढे मोठ्याने वाचत होते. तिसऱ्या कलमापर्यंत कसेबसे पोचले, चौथ्याला त्यांना हसू आवरेना, तो कागद जाड्या गृहस्थांनी हातातून घेऊन पुरा केला. 'व्यवस्थापक, मशीनचालक व भिंती' ऐकून टंकलेखिका टेबलाखाली गेली. साहेब डोळे पुसत म्हणाले, "बाई, या खुर्चीत बसल्यापासून इतकं चांगलं परीक्षण मी वाचलेलं नाही." आणि दुसऱ्या पोस्टरचा कागद माझ्या हातात! हंगेरियन, गुन्हेगारी, समाजाला हानिकारक नाही.

तीस कोंबड्या सोमवारी निघतील. आईला तार केलीय. तिने उलट तारेने शिव्या दिल्यात, मागोमाग काकडीची बरणीही पाठवतेय म्हणे.

राग संपला बरं का. केव्हाच.

पण एक विचारू? पंचवीस आल्या. तेवीस गेल्या. एक काचेच्या पेटीत. वजाबाकी मलाही येते काका. पंचविसावी कुठंय?

तुमची, देशभर चिकट
हालश्का


ओल्शानी, १० फेब्रुवारी १९६३

हालश्का,

अभिनंदन, अभिनंदन, अभिनंदन! शेगडीजवळची एक जागा तुझ्या नावाने राखून ठेवलीय, जन्मभर.

पंचविसावी शेळीने खाल्ली.

काका


वॉर्सा, १४ मार्च १९७१

प्रिय काका,

शेळीबद्दल आठ वर्षं गप्प बसले. आता बसता येत नाही.

मे महिन्यात इथे संग्रहालयात माझ्या पोस्टरांचं प्रदर्शन भरतंय. एकूण एकशे बारा. पहिलंच मात्र नाही! मूळ चित्र छापखान्यात हरवलं. माझ्याकडे एक प्रत होती, ती आईने काकडीच्या बरण्यांना गुंडाळली. गोदामातल्या केव्हाच लगद्यात गेल्या. संग्रहालयाचे लोक म्हणतात, पहिल्याशिवाय बाकीच्यांना काय अर्थ? मी म्हटलं, ओल्शानीत पंचावन्न आहेत, पण काचेच्या पेटीतली उन्हाने विटलीय, आणि बाकीच्या तिथे कुणीच पाहिलेल्या नाहीत.

शेळीकडे शब्द टाकाल का? एका महिन्यापुरता.

हालश्का


ओल्शानी, २१ मार्च १९७१

हालश्का,

सापडलो म्हणायचं. बरं, ऐक तर.

त्या दिवशी गठ्ठा सोडला आणि वरच्याच कोंबडीने माझ्याकडे पाहिलं. तो रुमाल तुझ्या काकूचा आहे, ब्रोन्याचा. निळ्यावर लाल खसखशीची फुलं. मी तिला बाजारातून आणलेला. तिला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी ती कोंबडी घरी आणली आणि स्वयंपाकघरात ब्रोन्याच्या खुर्चीमागे लावली. गावातला पहिला चोर मीच. मग दुसऱ्यांना मी काय बोलणार होतो? तक्त्यात तेवढी एकच लबाडी केली एवढ्या वर्षांत.

देणार नाही, असं लिहायला बसलो होतो. रोज जेवताना तिच्याशी बोलायची सवय झालीय.

एक खोट मात्र आहे, आता निघालंच आहे तर सांगतो. गाठ. सगळ्या बायका रुमालाची गाठ हनुवटीखाली मारतात. तू ती डाव्या कानामागे ओढून काढलीस, उजवा कान उघडा. ब्रोन्या इतकी टापटिपीची बाई, असली वेडीवाकडी गाठ तिने कधी मारली असती का? एवढी मोठी चित्रकार तू, आणि गाठ चुकलीस!

काका


वॉर्सा, २७ मार्च १९७१

काका,

गाठ चुकलेली नाही.

तुम्ही घरी असलात की ती हनुवटीखाली असायची, म्हणून तुम्ही दुसरी पाहिलीच नाहीत. तुम्ही रिळांचे डबे आणायला स्टेशनवर गेलात की काकू खिडकीशी बटाटे सोलत बसायची आणि गाठ डावीकडे सरकवायची. मी सहा वर्षांची होते, विचारलं, काकू, असं वाकडं का? ती म्हणाली, "उजवा कान मोकळा लागतो गं. ह्यांच्या सायकलची घंटी नदीच्या अंगाने येते." घंटी वाजली की झटकन गाठ परत हनुवटीखाली. तुम्ही दारात यायच्या आत. आणि वर तुम्हालाच, "आलात होय? मला कळलंच नाही."

कोंबडी देऊ नका काका. तिथेच असू दे. मी भिंतीवर रिकामी चौकट लावेन.

हालश्का


ओल्शानी, ४ एप्रिल १९७१

हालश्का,

कोंबडी नळकांड्यात घालून पाठवतोय. मला काढवेना, म्हणून गेनोवेफाबाईंना बोलावलं. त्यांचा हात बसलेला आहे, एक कोपरासुद्धा फाटला नाही. भिंतीवर पिवळा चौकोन राहिलाय. एक महिना. परत तू स्वतः घेऊन यायचं, टपालावर माझा विश्वास नाही.

संग्रहालयात अशी लाव की तिच्या उजव्या कानाच्या बाजूला दार येईल.

काल स्टेशनवरून येताना मुद्दाम नदीच्या रस्त्याने आलो. फाटकाशी घंटी वाजवली. एकदा नाही, चांगली दहा-बारा वेळा. गेनोवेफाबाई खिडकीतून ओरडल्या, "कोण आलं हो एवढं?"

म्हटलं, मीच. आलोय.

तुझा
तेओफिलकाका